समोच्चरेषांचा पॅटर्न कसा करायचा: आधी डोंगर, मग रेषा

ट्रेकिंग ग्रुपचे टी-शर्ट, कॉफीची पाकिटं, जिमची भिंत, लग्नपत्रिकेच्या पाकिटाची आतली बाजू... बारीक, वळणदार, एकात एक बसलेल्या रेषांचा नकाशासारखा पॅटर्न हल्ली सगळीकडे मागतात. शाळेच्या भूगोलात समोच्चरेषा म्हणून शिकलो, त्याच या. मी ठाण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते. वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांना आणि तुर्भ्याच्या लेझर कटिंगवाल्यांना अशा फायली नेहमी देते. नव्याने शिकणारी मुलंमुली विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं: ती रेषा काढायला बसलेली असतात. पेन टूल घेऊन एक वळण, त्याला समांतर दुसरं, मग तिसरं. तासाभराने जे तयार होतं ते कापलेल्या लाकडाच्या ओंडक्यासारखं दिसतं. त्यात डोंगर कुठेच नसतो.

समोच्चरेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवरच्या ठिकाणांना जोडणारी रेषा. म्हणून आधी उंची हवी. संगणकात ही उंची करड्या रंगाने दाखवतात: काळं म्हणजे खोलगट, पांढरं म्हणजे माथा आणि मधल्या करड्या छटा म्हणजे उतार. या करड्या चित्राला हाइटमॅप म्हणतात. तो मनासारखा झाला की रेषा सॉफ्टवेअरच काढून देतं. तुमचा वेळ आणि डोळे त्या करड्या चित्रावर खर्च करा.

हाताशी काय हवं

- गिंप: चित्रं संपादित करायचं मोफत सॉफ्टवेअर. खालच्या पायऱ्या २.१० आणि ३.० दोन्ही आवृत्त्यांत चालतात. ३.० मध्ये फिल्टर लेयरवर तसाच ठेवता येतो आणि ब्लरचा आकडा नंतर बदलता येतो, म्हणून नव्याने घेत असाल तर तीच घ्या.
- इंकस्केप: हेही मोफत. रेषा व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या आकारांत हव्या असतील तर लागेल.
- क्यूजीआयएस: नकाशांचं सॉफ्टवेअर. येऊर, पारसिक, खारघर असा खराखुरा डोंगर हवा असेल तरच.
- छापणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: अंतिम माप, ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) किती, छपाईची पद्धत आणि त्यांच्या मशीनवर कमीत कमी किती जाडीची रेषा नीट येते.
- सर्व्हे ऑफ इंडियाची एखादी १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा. ही गिरवायला नाही, पाहायला.

टोपोशीटसमोर पंधरा मिनिटं खरोखर बसा. समोच्चरेषा तपकिरी असतात, दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं आणि दर पाचवी रेषा, म्हणजे १००, २००, ३०० मीटरची, जाड असते. रेषा दाटल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाटी. ओढा खाली येतो तिथे रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडते आणि त्या दुमडीचं टोक ओढ्याच्या उगमाकडे असतं. एक रेषा दुसरीला छेदत नाही. प्रत्येक रेषा फिरून स्वतःला मिळते, नाहीतर कागदाच्या कडेबाहेर जाते. डोळ्याला एवढं वळण लागलं की आपला पॅटर्न कुठे खोटा वाटतोय ते पटकन कळतं.

१. काम कशासाठी आहे ते आधी ठरवा

मोबाइलचा वॉलपेपर किंवा इन्स्टाग्रामची पोस्ट असेल तर पिक्सेलची फाइल पुरेशी आहे. ए४ कागदावर ३०० डीपीआयला छापायचं असेल तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ ला ३५०८ × ४९६१. भिंतीवरचं व्हिनायल, लेझर कटिंग, स्क्रीन प्रिंटिंग यांना मात्र व्हेक्टर फाइलच द्या. कापड किंवा वॉलपेपरवर पॅटर्न सलग पसरवायचा असेल तर तो टाइल होणारा, म्हणजे कडेला कड लावली की बिनजोड जुळणारा हवा. हा निर्णय आत्ताच घ्या, कारण तिसऱ्या पायरीतली एक खूण त्यावर ठरते.

२. कॅनव्हास: बिटकडे लक्ष द्या

सरावासाठी २०४८ × २०४८ चा कॅनव्हास घ्या. नवीन इमेजच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि प्रिसिजनमध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडा. घाईत ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे रेषा करवतीच्या दात्यांसारख्या का येतात म्हणून विचारतात. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात. हळूहळू चढणाऱ्या उतारावर एकच छटा बऱ्याच पिक्सेलपर्यंत पसरते, मग एकदम पुढची येते, आणि रेषा त्या तुटक पायरीवरून धावते. फोटोशॉपवाल्यांनी निदान १६ बिट ठेवावं.

३. करडा ढग

गिंपमध्ये फिल्टर्स > रेंडर > नॉइज > सॉलिड नॉइज. यामागचं तंत्र केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात चित्रपटांतल्या संगणकीय दृश्यांसाठी विकसित केलेल्या नॉइजच्या जातीचं आहे. नुसते यादृच्छिक ठिपके न टाकता ते एकमेकांत सलग मिसळणारे चढउतार तयार करतं, आणि आपल्याला तेच हवेत.

एक्स साइज आणि वाय साइज ३ ते ४ ठेवा. आकडा वाढवला की टेकड्या लहान आणि जास्त होतात. डिटेल १ किंवा फार तर २. डिटेल वाढवलं की खडबडीतपणा वाढतो आणि रेषा थरथरत्या येतात. टर्ब्युलंटची खूण काढून टाका, नाहीतर मध्येच धारदार खाचा पडतात. टाइल करायचं असेल तर टाइलेबलची खूण लावा.

दोन्ही आकडे सारखे ठेवले की गोलसर टेकड्या मिळतात. पारसिकसारखी उत्तर-दक्षिण लांबलेली रांग हवी असेल तर एक्स ५ आणि वाय २ करा. आकार उभे ताणले जातात. मग न्यू सीडचं बटण दाबत राहा आणि ज्यात एक ठळक माथा आणि एक मोकळी दरी दिसेल असा ढग निवडा. त्याचा सीड नंबर, म्हणजे तोच ढग पुन्हा मिळवून देणारा आकडा, कागदावर लिहून ठेवा.

फोटोशॉपमध्ये डी दाबून काळा-पांढरा रंग आणा आणि फिल्टर > रेंडर > क्लाउड्स चालवा. तिथल्या ढगाला मोठ्या कॅनव्हासवर फार बारीक कण येतात. म्हणून ५१२ पिक्सेलवर करून नंतर मोठा करा आणि ब्लर सढळ हाताने द्या.

४. ढगाचा डोंगर करा

इथे घाई करू नका. इंटरनेटवर दिसणारे बहुतेक पॅटर्न सारखेच दिसतात, कारण करणाऱ्याने ढग जसा आला तसाच पुढे ढकललेला असतो. पुढची कामं केली की पॅटर्न तुमचा होतो.

आधी कलर्स > लेव्हल्स उघडा. ढग बहुधा मधल्या करड्यातच अडकलेला असतो. काळं टोक आणि पांढरं टोक आत ओढून पूर्ण पट्टा वापरात आणा, पण ताणून पार पांढऱ्याफटक किंवा काळ्याकुट्ट जागा तयार करू नका. जिथे रंग सपाट झाला तिथे उतारच उरत नाही, आणि पॅटर्नमध्ये तेवढी जागा बिनरेषांची, भोक पडल्यासारखी दिसते.

मग कलर्स > कर्व्ह्ज. वक्र जिथे उभा चढतो तिथे करडा रंग भराभर बदलतो, म्हणजे रेषा दाटतात. वक्र जिथे आडवा पडतो तिथे रेषा पांगतात. नवी मुंबईचा भूभाग डोळ्यांसमोर आणा: खाडीकाठची लांबलचक सपाटी आणि तिच्या मागे एकदम उठलेला डोंगर. हे हवं असेल तर वक्राचा डावा भाग खाली आडवा ठेवा आणि मध्यापासून त्याला उभा चढवा. रेषा एका बाजूला गोळा होतील, दुसरीकडे मोकळी जागा राहील आणि त्या मोकळ्या जागेत लोगो किंवा मजकूर बसेल. व्हिजिटिंग कार्डसाठी मी हेच करते. मजकुराच्या मागे रेषा पुसण्यापेक्षा तिथली जमीनच सपाट करावी.

शेवटी ब्रश. मोठा, मऊ कडांचा, ओपॅसिटी १० टक्क्यांच्या आसपास. पांढरा रंग घेऊन जिथे माथा हवा तिथे दोन-तीन हात फिरवा. मग काळा रंग घेऊन माथ्याखालून पायथ्यापर्यंत एक नागमोडी ओढा उतरवा. पुढे रेषा निघतील तेव्हा त्या ओढ्यावर आपोआप व्हीसारख्या दुमडतील, आणि ती दुमड दिसली की पाहणाऱ्याला खराच नकाशा आहे असं वाटतं.

५. ब्लर

फिल्टर्स > ब्लर > गॉशियन ब्लर. २०४८ पिक्सेलच्या कॅनव्हासला १० ते २० चा आकडा पुरतो. क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी ब्लर, मग पोस्टराइज (करड्या छटांचे मोजके टप्पे पाडणं, पुढची पायरी). उलट केलंत तर पायऱ्यांच्या कडा धुरकट होतील आणि रेषा पसरट येतील.

६. पोस्टराइज: उंचीचे टप्पे पाडणे

ब्लर केलेल्या लेयरच्या दोन प्रती करा. पहिलीवर कलर्स > पोस्टराइज, १६ लेव्हल. दुसरीवर तेच, पण ४ लेव्हल. मूळ लेयर तसाच ठेवून द्या.

हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. १६ टप्प्यांच्या मध्ये १५ सीमा येतात, ४ टप्प्यांच्या मध्ये ३. गिंप ज्या पद्धतीने टप्पे पाडतं त्यात या तीन सीमा त्या पंधरांतल्या तिसऱ्या, आठव्या आणि तेराव्या सीमेवर तंतोतंत बसतात. म्हणजे दर पाचवी रेषा जाड, टोपोशीटवर असते तशी. एकवर १५ आणि दुसऱ्यावर ४ असे वाटेल ते आकडे घेतले तर जाड रेषा बारीक रेषांच्या मधूनच फिरतील आणि सगळं गढूळ होईल.

कुठे पिक्सेलएवढी बेटं उरली असतील तर फिल्टर्स > ब्लर > मीडियन ब्लर, त्रिज्या ४-५. त्याने कडा धुरकट न होता कचरा जातो.

७. रेषा काढून घेणे

दोन्ही प्रतींवर फिल्टर्स > एज-डिटेक्ट > एज, पद्धत सोबेल. काळ्यावर फिकट करड्या रेषा दिसतील. फिकट येणारच, कारण दोन टप्प्यांमधला फरक छोटा आहे. लेव्हल्समधला पांढरा बाण डावीकडे ओढा, रेषा उजळतील. मग लेयर > ट्रान्स्परन्सी > कलर टू अल्फा वापरून काळा रंग पारदर्शक करा. ४ लेव्हलवाल्या प्रतीतल्या रेषा निवडा, सिलेक्ट > ग्रो ने निवड दोनेक पिक्सेलने वाढवा आणि तोच रंग भरा. झाली जाड रेषा.

थ्रेशोल्डचा मोह टाळा. त्याने रेषेची मऊ कड जाते आणि दाते दिसतात. वळणं जास्त मुलायम हवी असतील तर सगळं ४०९६ वर करून शेवटी निम्म्यावर आणा.

काही व्हिडिओंत पोस्टराइजऐवजी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ग्रेडियंट मॅप लावायला सांगतात. त्यात एकच रेषा खड्या चढावर बारीक आणि सपाटीवर रुंद पट्टा होते. पार्श्वभूमी म्हणून कुणाला आवडेलही, पण नकाशाची शिस्त त्यात राहत नाही. मी वापरत नाही.

८. टाइल करायचं असेल तर

टाइलेबलची खूण लावली म्हणून काम झालं असं समजू नका. ब्लर आणि एज दोन्ही फिल्टर कॅनव्हासच्या कडेशी पलीकडचं चित्र पाहू शकत नाहीत, त्यामुळे जोडावर रेषा तुटते. उपाय असा: करडा चौकोन फिल्टर्स > मॅप > टाइल वापरून ३ × ३ पसरवा, पाचवी ते सातवी पायरी त्या मोठ्या चित्रावर करा आणि शेवटी मधला चौकोन कापून घ्या. ब्रशने केलेलं काम कडेला टेकू देऊ नका. मग लेयर > ट्रान्सफॉर्म > ऑफसेटने चित्र अर्ध्यावर सरकवा. कुठे जोड चुकला असेल तर चित्राच्या मधोमध दिसेल.

९. व्हेक्टर: इंकस्केपची वाट

व्हेक्टरसाठी सातव्या पायरीच्या रेषा ट्रेस करू नका. रेषा ट्रेस केली की तिच्या दोन्ही कडा वेगळ्या निघतात आणि लेझर मशीन प्रत्येक रेषा दोनदा कापतं. पाचव्या पायरीनंतरचं गुळगुळीत करडं चित्र पीएनजी करून इंकस्केपमध्ये आणा. पाथ > ट्रेस बिटमॅप, मल्टिकलर, पद्धत ब्राइटनेस स्टेप्स, स्कॅन १२. स्मूथ आणि स्टॅक दोन्हींवर खूण ठेवा. मिळालेला ग्रुप सोडवा, सगळ्या आकारांची फिल (आतला रंग) काढा, स्ट्रोक (कडेची रेषा) लावा. प्रत्येक आकार म्हणजे एक समोच्चरेषा, बंद आणि स्वच्छ.

कागदाच्या कडेला मात्र हे आकार सरळ रेषेत बंद होतात आणि चौकट मारल्यासारखी दिसते. थोडा लहान आयत वर ठेवून ऑब्जेक्ट > क्लिप करा, ती कड लपते.

लाकडाचे थर एकावर एक चिकटवून डोंगर करायचा असेल तर स्कॅन ५-६ च घ्या. ३ मिलिमीटरच्या प्लायचे पंधरा थर म्हणजे साडेचार सेंटिमीटरची जाडी. फ्रेममध्ये मावणार नाही.

१०. खराखुरा डोंगर हवा असेल तर

येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला भिंतीवर येऊरच हवा असतो, आणि तो द्यावाही. त्यासाठी उंचीची माहिती मोफत मिळते: फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली नासाची एसआरटीएम, युरोपची कोपर्निकस डीईएम आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरची कार्टोडेम. पहिल्या दोन्हींत साधारण ३० मीटरला एक नोंद आहे.

फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि रास्टर > प्रोजेक्शन्स > वार्पमधून तिला यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणा. हे गाळलं तर आपल्या अक्षांशावर डोंगर पूर्व-पश्चिम पाच-सहा टक्के पसरट येतो. त्याच खिडकीत रिसॅम्पलिंग क्युबिक स्प्लाइन आणि रिझोल्यूशन १० मीटर ठेवा. रेषा काढून झाल्यावर त्या गुळगुळीत करायला गेलात तर दाटीच्या जागी त्या एकमेकींना छेदतात. डोंगरच आधी गुळगुळीत केला तर तसं कधीच होत नाही.

मग रास्टर > एक्स्ट्रॅक्शन > कंटूर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला सर्वांत उंच माथा, जांभूळमाळ, ४६८ मीटरचा आहे. अंतर २० मीटर ठेवलं तर तिथपर्यंत २३ रेषा येतात, पोस्टरला छान. टी-शर्टला ५० मीटर घ्या, ९ रेषा पुरतात. लेआउट एसव्हीजी म्हणून बाहेर काढून पुढचं काम इंकस्केपमध्ये करा.

आपल्या भागात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, एसआरटीएम आणि कोपर्निकस जमिनीचा पृष्ठभाग मोजतात, त्यात झाडं आणि इमारतीही धरल्या जातात. घोडबंदर रोड किंवा वाशीचा सपाट भाग १० मीटरहून कमी अंतराने काढला तर टॉवरांच्या टेकड्या उगवतात. तिथल्या रेषा सरळ वगळा. दुसरी, डोंगर बदलले आहेत. विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी या जुन्या नोंदींत अजून शाबूत दिसते. उलव्यातल्या ग्राहकाला फाइल देताना हे आधीच सांगा. काहींना तीच जुनी टेकडी भिंतीवर हवी असते.

विकायच्या वस्तूसाठी टोपोशीट किंवा मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट गिरवू नका; त्यांवर हक्क असतात. कोपर्निकस वापरलं तर श्रेय छापावं लागतं. आणि काल्पनिक रेषांवर खऱ्या डोंगराचं किंवा वाटेचं नाव घालू नका. कुणीतरी ते खरं मानून डोंगरात शिरू शकतं.

११. छापखान्यात जाण्यापूर्वी

पहिला प्रश्न येईल, "सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची फाइल, आणि आपल्याकडे बहुतेक छापखाने कोरलड्रॉवर चालतात. पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही न्या, कोरलमध्ये उघडतात. फाइल त्यांच्या मशीनवर उघडल्यावर लगेच निघू नका. त्यांनी आकार वाढवला आणि स्केल विथ ऑब्जेक्ट चालू नसेल तर डोंगर मोठा होतो पण रेषेची जाडी तीच राहते, आणि दहा फुटांच्या भिंतीवर ती दिसतसुद्धा नाही. इंकस्केपमध्येच पाथ > स्ट्रोक टू पाथ करून दिलं तर ही भानगड राहत नाही. मात्र लेझर कटिंगच्या फाइलला हे करू नका.

पांढऱ्या कागदावर पाव पॉइंटची रेषा निभावते. गडद रंगावर पांढरी रेषा सोडायची असेल तर अर्धा पॉइंट तरी ठेवा, नाहीतर शाई पसरून ती बुजते. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला एक पॉइंट. ऑफसेटला काळ्या रेषा एकाच काळ्या शाईत आहेत ना, ते विचारून घ्या. चार रंगांतून बनलेली काळी रेषा प्लेट केसभर सरकली तरी रंगीत सावली टाकते. संपूर्ण डिझाइनचा छोटा प्रूफ मागण्यापेक्षा सगळ्यांत दाट रेषांचा हातभर तुकडा खऱ्या मापात काढून मागा. शाई भरून रेषा बुजणाऱ्या जागा तिथेच कळतात.

गिंपची एक्ससीएफ फाइल पोस्टराइजच्या आधीच्या करड्या लेयरसकट जपून ठेवा आणि नावातच सीड नंबर टाका. ग्राहक परत येतो तेव्हा "हाच पॅटर्न, फक्त रेषा कमी करा" म्हणत येतो, आणि करडा डोंगर हाताशी असेल तर ते काम पोस्टराइजचा आकडा बदलण्याएवढंच असतं.